कुपीवरची तारीख

"काका, दुखलं तर ओरडले तर चालेल ना?" खैरुन्निसानं डावा अंगठा पुढे केला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

"ओरड की. पण जरा हळू. आत मार्टिनसाहेब फोनवर आहेत," जनार्दन म्हणाला.

नख अर्धं सुटलं होतं. मे महिन्यात नर्सेसच्या मिनीबसचं सरकतं दार त्यावर बसलं आणि तेव्हापासून ते धड चिकटेना, धड पडेना. जनार्दननं कापसाच्या काडीचं ओलं टोक नखाखाली अलगद सरकवलं, एकदा फिरवलं आणि काडी नळीत घालून बूच लावलं. खैरुन्निसा ओरडली नाही. जागच्या जागी इंचभर उंच झाली, इतकंच.

"झालं. लहान पोरींना कान टोचताना याहून जास्त लागतं."

"माझ्या लेकीनं कान टोचताना सोनाराचा हात चावला होता," ती हसली. "जोहरा. तीन वर्षांची आहे. दाभोळला, अम्माकडे."

दाभोळ म्हटल्यावर जनार्दनला बरं वाटलं. तो स्वतः देवरुखकडचा. मस्कतच्या त्या इस्पितळात मल्याळी, फिलिपिनो, इजिप्शियन, सुदानी सगळे होते. पण वाशिष्ठीच्या खाडीचं नाव काढलं की ज्याच्या डोळ्यापुढे पाणी उभं राहतं, असं माणूस बावीस वर्षांत त्याला तिथं हेच पहिलं भेटलं. ती एप्रिलमध्ये रुजू झाली तेव्हापासून जाता-येता काचेवर टकटक करून 'काका, काय म्हणता' असं विचारून जायची. तेवढ्यावर जनार्दनचा दिवस बरा जाई.

आजची टकटक मात्र कामाची होती. एनआयसीयूत, म्हणजे दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं जिथं काचेच्या पेटीत ठेवतात त्या विभागात, पाच आठवड्यांत तीन बाळं गेली होती. तिघांच्याही रक्तात एकच जंतू सापडला होता. तेव्हा तिथल्या चौदा नर्सेस, डॉक्टर, झाडूवाले, सगळ्यांच्या हातांवरून काड्या फिरवायचा हुकूम निघाला होता. खैरुन्निसा यादीत शेवटची होती.

"काका, माझ्यात निघालं तर?" तिनं जाता जाता विचारलं.

"निघालं तर औषध लावायचं आणि हात धुवायचे. जंतू काय, सगळ्यांच्याच अंगावर असतात."

हे तो अगदी सहज बोलून गेला. पुढे कितीतरी दिवस त्याला हे वाक्य आठवून स्वतःचाच राग यायचा.

जनार्दन घवाळी हा नाकासमोर चालणारा माणूस. वय छप्पन्न. मुंबईला लॅबचा डिप्लोमा केला, त्र्याण्णव साली इथं आला आणि त्या दिवसापासून सूक्ष्मजंतूंच्या त्या एका खोलीत जो बसला तो बसलाच. गाला भागातल्या गॅरेजमधून घेतलेली जुनी कोरोला, अल् खुवैरला दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको सुगंधा, मुलगी रेवा लग्न होऊन पुण्याला. त्याच्यावर कुणी कधी ओरडलं नव्हतं आणि त्याची कुणी कधी पाठही थोपटली नव्हती. लॅबमधल्या माणसाचं असंच असतं. बरा झालेला रोगी डॉक्टरला मिठाई देतो. जंतू कोणता हे ज्यानं शोधलं त्याचं नावही त्याला माहीत नसतं. जनार्दनला त्याचं वाईट वाटत नसे. उलट, कुणाच्या समोर न यावं लागणं हे त्याला या कामाचं सुखच वाटे.

तिसऱ्या दिवशी अंगठ्यावरचे जंतू जिच्यात वाढायला ठेवले होते ती प्लेट हिरवी झाली. झाकण किलकिलं करताच पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला. प्लेटचा वास घेऊ नये असा नियम आहे, आणि सगळे जुने टेक्निशियन तो मोडतात. स्युडोमोनास. बाळांच्या रक्तातला तोच.

हा पाण्यातला जंतू. नळाला, पाइपाला, सिंकच्या जाळीखाली चिकटून राहतो आणि धडधाकट माणसाच्या वाटेला जात नाही. हजार ग्रॅमच्या बाळाला मात्र दोन दिवसांत संपवतो. पण नाव एक म्हणून सगळे जंतू एक नव्हेत. त्यांचीही घराणी असतात. दहा रोग्यांत दहा वेगळ्या घराण्यांचे स्युडोमोनास निघाले तर तो नुसता योगायोग. एकाच घराण्याचे निघाले तर समजायचं की एकाकडून दुसऱ्याकडे गेला. हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी जंतू परदेशी पाठवावे लागतात. तिथली लॅब त्यांच्या डीएनएचे तुकडे पाडून पट्ट्यांची एक ओळ छापते आणि ज्यांच्या पट्ट्या तंतोतंत जुळल्या ते एकाच घरचे.

जनार्दननं वर्षभरातले सगळे स्युडोमोनास पाठवायचं ठरवलं. उणे सत्तरच्या फ्रीजरमधून तेवीस कुप्या काढल्या, कोरड्या बर्फात नीट बसवल्या आणि फॉर्म भरला. नंबर आणि जागा कुपीवरून, रोग्यांच्या तारखा नंबर टाकून काँप्युटरवरून. त्यात एक कुपी 'एनआयसीयू सिंक २' अशीही होती. तिच्यावर अकरा जून होता, त्यानं अकरा जून लिहिला. अक्षर त्याचंच होतं, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं.

ऑक्टोबर संपता संपता, एका मंगळवारी, उत्तर आलं.

मार्टिनच्या केबिनमध्ये डॉक्टर महमूद बसले होते. मार्टिन लॅबचा प्रमुख, वसईचा. जनार्दनहून चार वर्षांनी लहान, पण साहेब. डॉक्टर महमूद इस्पितळातल्या संसर्गांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचे मुख्य. शांत, ओमानी, दिश्दाशाच्या पायघोळ झग्यावर पांढरा कोट घालणारे. महिनाभर त्यांना झोप नसावी. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"तेवीसपैकी अठरांचं एकमेकांशी काही नातं नाही," ते कागदावर पेन ठेवत म्हणाले. "पाच मात्र सारखे. हे बघ. तीन बाळं, एक सिंक आणि सिस्टर खैरुन्निसाचा अंगठा."

जनार्दननं वाकून पाहिलं. पाच ओळी, काळ्या पट्ट्यांच्या, एकाखाली एक. एका ठशानं मारल्यासारख्या.

"पट्ट्यांवरून नातं कळतं. आधी कोण, ते कळत नाही. ते तारखांवरून बघायचं," डॉक्टर महमूद म्हणाले. "सिस्टर बारा एप्रिलला रुजू झाली. अंगठा मेमध्ये चिरडला, क्लिनिकमध्ये नोंद आहे. सिंकमधला जंतू अकरा जूनचा. बाळं ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणजे तिच्या हातातून सिंकमध्ये, आणि तिच्याच हातातून बाळांकडे. जनार्दन, तारखा बरोबर आहेत ना?"

"येस, डॉक्टर."

बावीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. तोंडातून आपसूक गेलं.

मार्टिन खिडकीबाहेर बघत होता.

परत आल्यावर जनार्दननं दुसऱ्याच कसल्यातरी कुपीसाठी फ्रीजर उघडला. धूर निवळला आणि समोरची रांग दिसली. अकरा जून. तिच्या मागची रांग, अकरा जून. खालच्या डब्यातही अकरा जून. दीडशेच्या वर कुप्या, सगळ्यांवर एकच तारीख, एकच अक्षर.

त्यानं फ्रीजरचं दार लावून टाकलं.

दहा जूनला फ्रीजरचा काँप्रेसर जळाला होता. सगळं विरघळायच्या आत जनार्दननं दुसऱ्या दिवशी एकट्यानं सगळे जंतू नव्या प्लेटवर काढले, वाचवले आणि नव्या कुप्यांत भरून ठेवले. कुपीवर जंतू मूळ कधी सापडला ती तारीख लिहायची असते. पण दीडशे कुप्या, बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन, आत एसीसुद्धा आचके देतोय. त्यानं मार्कर घेतला आणि सरसकट त्या दिवसाची तारीख ठोकून दिली. रोग्यांच्या कुप्यांना काही फरक पडत नव्हता, नंबर टाकला की काँप्युटर मूळ तारीख सांगतो. सिंकला रोग्याचा नंबर नसतो.

सिंकची नोंद फक्त जुन्या जाड रजिस्टरात होती. त्यानं कपाटातून ते काढलं. पान सापडायला वेळ लागला नाही. नऊ मार्च. एनआयसीयू, सिंक २. खाली दोन दिवसांनी केलेली नोंद: स्युडोमोनास, भरपूर वाढ. सही, ज. घवाळी. रिपोर्ट पाठवल्याचा रकाना कोरा.

नऊ मार्चला खैरुन्निसा दाभोळला होती. तिनं ओमानची भूमीसुद्धा पाहिली नव्हती.

म्हणजे सगळं उलटं होतं. तिनं सिंकला काही दिलं नव्हतं. सिंकनंच तिला दिलं होतं. सुटलेल्या नखाचा अंगठा घेऊन ती दिवसातून पन्नास वेळा त्याच सिंकवर हात धूत होती. आणि त्याच सिंकच्या कडेला, हात-दीड हातावर, बाळांची दुधं आणि इंजेक्शनं तयार होत होती. सप्टेंबरात तपासायच्या आधी कुणी शहाण्यानं सगळ्या सिंकांत क्लोरीन ओतलं, म्हणून तेव्हा तिथं काही उगवलं नाही. जंतूचा मूळ ठिकाणा सांगणारी एकच गोष्ट जगात उरली होती, ती म्हणजे हे पान.

तो रजिस्टर काखोटीला मारून मार्टिनकडे गेला.

मार्टिननं पान पाहिलं, उठून दार लावलं आणि परत बसला. "मला माहीत आहे."

"माहीत आहे? म्हणजे सकाळी तुला आठवत होतं?"

"मला सगळं आठवतं रे. मार्चमध्ये तू आलास, म्हणालास सिंकमध्ये स्युडोमोनास आहे. मी म्हटलं, सिंकमध्ये स्युडोमोनास नाही तर काय गुलाब येणार? पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्शन होतं. कशाला कागद फिरवायचा? तुलाही घाई होती."

होती. त्या संध्याकाळी जनार्दनचं विमान होतं, रेवाच्या साखरपुड्यासाठी. मार्टिन 'राहू दे' म्हणाला तेव्हा त्याला सुटल्यासारखंच वाटलं होतं. रिपोर्ट टाइप करायची दहा मिनिटं वाचली होती.

"ती पोरगी फुकट मरते आहे, मार्टिन. तिच्या नावावर तीन बाळं लावतायत."

"फार तर घरी जाईल. दोन वर्षं इथं यायची बंदी. जाईल ना दुसरीकडे, नर्सेसना काय कमी आहे! आपलं काय? मला बावन्नाव्या वर्षी कोण घेणार? तुला वर्ष राहिलंय, जना. एक वर्ष. खलास, मग तू तुझ्या घरी आंबे खा." मार्टिननं रजिस्टर मिटून त्याच्याकडे सरकवलं. "आणि एक सांगू? राग मानू नकोस. त्या पानावर सही तुझी आहे. मी नुसता बोललो होतो."

हे तो धमकी म्हणून बोलला नाही. मित्राला सावध करावं तसंच बोलला. जनार्दन रजिस्टर उचलून बाहेर आला. बुधवारचा अख्खा दिवस त्यानं खाली मान घालून प्लेटा वाचण्यात काढला. मधे एकदा काचेवर टकटक झाल्यासारखं वाटलं म्हणून वर पाहिलं, तर कुरिअरवाला होता.

त्या संध्याकाळी त्यानं सुगंधाला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. तिला जंतूंतलं काही कळत नसे, पण माणसांतलं पुष्कळ कळे. त्याचं सांगून झालं, 'उद्या डॉक्टर महमूदांना सांगून टाकतो, पोरगी तरी सुटेल' असंही तो म्हणाला. असं म्हणताना आपण फार मोठं काही करायला निघालो आहोत असं त्याला कुठेतरी वाटत होतं, हे खोटं कशाला बोला.

सुगंधानं काड्या बाजूला केल्या.

"अहो, मार्चमध्ये तुम्ही तो कागद पाठवला असता, तर त्यांनी सिंक काढलं असतं?"

"बहुतेक. निदान बंद तरी केलं असतं."

"मग ती बाळं..." ती थांबली.

दोन दिवस जनार्दन अंगठा, तारीख, खैरुन्निसा, मार्टिन, आपली नोकरी यांचाच विचार करत होता. हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नव्हता. विचारू दिला नव्हता. त्या तीन बाळांच्या रक्ताच्या बाटल्या त्याच्याच हातून गेल्या होत्या. प्रत्येक वेळी त्यानंच प्लेटचा वास घेतला होता, त्यानंच फोन करून जंतूचं नाव सांगितलं होतं. आणि बाळं? बाळ त्यानं एकही पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे नंबर यायचे.

"जेवायला वाढू?" सुगंधानं कोथिंबीर झाकून ठेवत विचारलं.

"नको."

तिनं आग्रह केला नाही. तीही जेवली नाही.

गुरुवारी सकाळी आठच्या आधीच तो डॉक्टर महमूदांच्या दाराशी उभा होता. रजिस्टर त्यांच्या टेबलावर उघडून ठेवलं आणि एका दमात, मोडक्या इंग्रजीत, सगळं सांगितलं. काँप्रेसर, दीडशे कुप्या, तारीख, नऊ मार्च.

डॉक्टर महमूदांनी पानावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला.

"रिपोर्ट का पाठवला नाहीस?"

इथं मार्टिनचं नाव घेता आलं असतं. घेतलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. पण त्या संध्याकाळी विमानात बसून आपण किती निवांत झोपलो होतो हे जनार्दनला आठवलं.

"मी पाठवला नाही," तो म्हणाला.

"मार्चमध्ये." डॉक्टर महमूद इतक्या हळू बोलले की ते त्याला उद्देशून होतं की स्वतःशी, कळलं नाही. "पहिलं बाळ माझ्या चुलत बहिणीच्या शेजाऱ्यांचं होतं. अकरा वर्षांनी झालं होतं त्यांना."

त्यांनी फोन उचलला आणि अरबीत दोन-तीन वाक्यं बोलले. त्यातला 'सिंक' हा शब्द जनार्दनला कळला. फोन ठेवून ते म्हणाले, "सिस्टरनं परवाच सही केली. जखम वॉर्डात कळवली नाही, असं लिहून घेतलंय तिच्याकडून. व्हिसा रद्द झाला, उद्याचं विमान आहे. ते आता माझ्या हातात नाही. तिच्या कागदावरची ती ओळ मात्र मी आज खोडून घेईन. इन्शाल्ला." आणि चष्मा परत लावून, "तू घरी जा. बोलावू तेव्हा ये. रजिस्टर इथंच राहू दे."

जनार्दन बाहेर आला. लॅबमध्ये जाऊन कोट खुंटीला अडकवला. मार्टिननं केबिनच्या काचेतून पाहिलं, काय ते ओळखलं आणि मान खाली घातली. एनआयसीयूच्या बाजूनं हातोड्याचे आवाज येऊ लागले होते. सात महिने जे झालं नव्हतं ते अर्ध्या तासात सुरू झालं होतं.

तो घरी गेला नाही. गाडी सरळ नर्सेसच्या हॉस्टेलवर नेली.

पुरुषांना वर सोडत नसत. वॉर्डन हवाबीनं त्याला खालच्या हॉलमध्ये बसवलं आणि खैरुन्निसाला हाक मारली. ती आली ती अर्ध्या हॉलवरच थांबली. दोन्ही हातांत इस्पितळाचे निळे ग्लोव्हज होते.

"काका, तुम्ही लांबच बसा हां," ती म्हणाली आणि समोरच्या टोकाच्या खुर्चीवर बसली. मधल्या दिवसांत चेहरा ओढल्यासारखा झाला होता. "नख काढून टाकलं मी. डॉक्टरकडून. तरी भरोसा नाही. मी जेवतेपण ग्लोव्हज घालून. घरी अम्माला सांगितलंय, जोहराचा बिछाना वेगळ्या खोलीत कर. मी आले की ती पळत येणार ना अंगावर, तर तिला आधीच समजावून ठेव म्हटलं. मम्मीला हात लावायचा नाही, असं."

"खैरू," जनार्दन म्हणाला, "तुझ्यामुळे नाही झालं ते."

तिनं नुसतं पाहिलं. असं दिलासा देणारं आधीही कुणीतरी बोललं असावं.

मग त्यानं सांगितलं. यावेळी मराठीत, सावकाश, काही न गाळता. मार्चची काडी, कोरा रकाना, साखरपुडा, जूनची तारीख, आणि मंगळवारी 'तारखा बरोबर आहेत ना' विचारल्यावर आपण काय म्हणालो तेही. तिच्या तोंडाकडे बघायचं धाडस होईना, म्हणून तो हॉलच्या फरशीकडे बघून बोलत राहिला.

"मार्चमध्ये?" तिनं विचारलं.

"हो. मार्चमध्ये."

"मी तर एप्रिलला आले."

"हो."

"त्या सिंकवर सगळ्यात जास्त हात मीच धुवायचे, काका. नवीन मुलींना ओरडायचे मी. दोनदा धुवा, कोपरापर्यंत धुवा, बाळांना हात लावताय तुम्ही." तिचा आवाज चढला आणि एकदम बसला. "कोणाला नाही, मलाच मोठी हौस होती."

माफ कर म्हणावं असं ठरवूनच जनार्दन आला होता, पण तो शब्द आता त्याला फारच किरकोळ वाटायला लागला. तरी तो म्हणाला. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही.

"त्या आयांना कोण सांगणार?" तिनं विचारलं. "तिसऱ्या बाळाची आई जाताना माझ्या गळ्यात पडली होती. शुक्रन, थँक्यू म्हणाली मला. नंतर तिला कळलं माझं. मग निरोप पाठवला तिनं. काय ते नाही सांगत मी."

"इस्पितळ सांगेल."

"सांगेल?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. खिशातून फोन काढला, ग्लोव्हज घातलेल्या बोटानं दोनदा दाबून पाहिला, तो चालेना. तेव्हा तिनं दोन्ही ग्लोव्हज काढले, नर्सेस काढतात तसे, एकात एक उलटा गुंडाळून, आणि ती गोळी मुठीत धरून नंबर लावला.

"अम्मा? हां, मीच. ऐक ना. जोहराचा बिछाना वेगळा नको करू... नाय, माझ्याजवळच झोपेल ती... हां. ऐक, तिला जे सांगितलंस ना, ते आता नको म्हणून सांग. हात लावू दे तिला... काय नाय झालं. मी रडत नाय अम्मा, आवाज तसा येतोय."

तिनं फोन खिशात ठेवला. बाहेर मिनीबस येऊन थांबली आणि दुपारच्या पाळीच्या मुली हसत-बोलत आत आल्या. खैरुन्निसाला पाहून गप्प झाल्या आणि भिंतीच्या कडेनं वर गेल्या. त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

"तुम्ही जा आता, काका," ती म्हणाली.

जनार्दन उठला. तिच्या मुठीतली निळी गोळी पाहून त्यानं हात पुढे केला. "दे, मी टाकतो."

तिनं दिली नाही. स्वतः उठून कोपऱ्यातल्या डब्यापाशी गेली, पायानं झाकण उघडून ती आत टाकली आणि मागं न बघता जिना चढून गेली.